पाणी किती वाजता?

पहाटे ५.२०

उशीखाली फोन थरथरतो. ‘ताई आज पानी पावनेसातला. चावीवाला बोलला.’ मेसेज कळव्याहून, नववीतल्या मुलीचा. मी राहते डोंबिवलीत, आमच्या इमारतीत पाणी यायला अजून दहा मिनिटं आहेत. तरी आधी कालनिर्णयवर आजच्या चौकोनात लिहून ठेवते : क. ६.४५.

नाटकवाल्यांचं आयुष्य तिसऱ्या घंटेवर चालतं म्हणतात. माझं चालतं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यावर. कळव्याच्या पूर्वेला डोंगराला लगटून जी वस्ती आहे (नाव लिहीत नाही, शाळेत ते मुलांना चिकटतं), तिथे आमचा नाटकाचा वर्ग आहे. वर्ग म्हणजे बावीस मुलं, एक समाजमंदिर, एक ढोलकी. पाणी संध्याकाळी पावणेसातला म्हणजे मुली पावणेआठपर्यंत नळावर. मुलगे दुपारच्या शाळेतून सुटून घरी येतात सहाला. नऊला आया हाका मारायला लागतात. मधे जे उरतं त्यात नाटक बसवायचं, आणि प्रयोग रविवारी आहे. आज गुरुवार.

सकाळी ७.३०

डोंबिवलीचा नाका. आठवड्यातून दोनदा मी इथे फॉर्मांची पिशवी घेऊन उभी राहते. गवंडी, बिगारी, रंगारी, फरशीवाले. डबे खांद्याला, नजर येणाऱ्या प्रत्येक टेम्पोवर. बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ मध्ये कायदा केला, राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे, मंडळाकडे मुलांच्या शिक्षणापासून अपघातापर्यंत मदतीच्या योजना आहेत. फक्त नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ज्या माणसाला रोज नवा ठेकेदार भेटतो त्याने ते कोणाकडून आणायचं? एक रंगारी म्हणाला, “ताई, मला नव्वद दिवस एकाच माणसानं ठेवलं असतं, तर मी नाक्यावर कशाला आलो असतो?”

आज दोनच फॉर्म भरले. साडेआठला नाका पांगतो. ज्यांना काम मिळालं नाही ते मात्र पांगत नाहीत, जरा सावलीकडे सरकतात.

सकाळी ९.१५

कल्याणकडे जाणारी गाडी या वेळेला रिकामी असते. समोरून मुंबईकडे लोंबकळत जाणाऱ्या गाड्या बघत बसायला मिळतं, हे सुख आम्ही डोंबिवलीकर उलट्या दिशेला गेल्याशिवाय ओळखत नाही.

कल्याणला ढोलकी दुरुस्तीला टाकली होती. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मुलांनी ती पावसात बाहेर ठेवली, धुमेची पुडी फुगली आणि आवाज बसला. चाचांनी पुडी काढून नवी चढवली होती, आता ताण द्यायचा बाकी होता. पूर्वी वादी ओढून ताणायचे, त्यात अंगठ्याची सालं निघायची, आता नट-बोल्ट. एक पाना घेऊन ते एकेक नट पाव आटा फिरवतात, आणि प्रत्येक वेळी काठावर बोटाने टिचकी मारून कान लावतात. समोरासमोरचे दोन नट. मग त्यांच्या काटकोनातले दोन. ओळीने फिरवले तर पुडी एका बाजूला ओढली जाते. नंतर दुसऱ्या तोंडाची शाई अंगठ्याने चाचपली. तिला एक बारीक चीर गेली होती. “ही चालेल वर्षभर. पण पोरांना सांगा, शाईवर ओला हात नाही मारायचा.” 

पैसे किती म्हटल्यावर त्यांनी विचारलं, शाळेची की मंडळाची? वस्तीतल्या पोरांची म्हटल्यावर त्यांनी हिशेब बदलला. मी घासाघीस केली नाही, आभारही फार मानले नाहीत. दोन्हीचा त्यांना कंटाळा आहे.

सकाळी ११.१५

ठाणे. ढोलकी मांडीवर घेऊन शेअर रिक्षात बसलं की बाजूचा माणूस हमखास विचारतो, “भजन का?” मी हो म्हणते.

तीन हात नाक्याला सिग्नल लागला. इथल्याच पुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेने मिळून, सिग्नलवर फुलं-खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी कंटेनरमध्ये वर्ग थाटले. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या जागी न्यावी, इतका साधा विचार. पण तो करायला पुलाखालची ती जागा रोज बघणारा माणूस लागतो. मला त्या शाळेतलं सगळ्यात आवडतं ते हे, की तिथे आधी आंघोळीचा विचार झाला, मग अभ्यासक्रमाचा.

वागळे इस्टेटच्या बाजूला ज्या शाळेच्या सभागृहात रविवारी प्रयोग आहे तिथे शिपायाला भेटून आले. माईक आहेत, एक चालतो. मुलांना माईकची सवय नाही, त्यामुळे बिघडत नाही.

दुपारी १२.३०

कोर्टनाका. दहावीतल्या एका मुलाचे वडील सकाळपासून वाट बघत उभे. वडार समाज, मूळ सोलापूर जिल्ह्यातले. काम दगडाचं होतं, आता जे मिळेल ते. मुलाला जातीचा दाखला हवा. विमुक्त जातींसाठी पुरावा लागतो तो २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. कचेरीच्या भाषेत याला ‘मानीव दिनांक’ म्हणतात. त्या दिवशी तुमचा आजा-पणजा कुठे होता ते कागदावर दाखवा. हा आजा त्या दिवशी गाढवांवर दगड लादून एका गावातून दुसऱ्या गावात चालला असणार. भटकणाऱ्याने एका जागी राहिल्याचा पुरावा द्यायचा, असा हा मामला आहे.

वडिलांनी शर्टाच्या आतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात दुसरी पिशवी. तिच्यात रेशनकार्डाचं एक पान, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि चार घड्या झालेला एक कागद. घडीच्या जागी फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला, चिकटपट्टी पिवळी पडून तिच्याखालची अक्षरं तपकिरी झालेली. चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला! दोनच इयत्ता शिकले बिचारे, पण शिकले १९५६ साली, आणि जातीच्या रकान्यात मास्तरांनी ‘वडार’ लिहून ठेवलंय. त्या मास्तरांना दंडवत.

खिडकीतल्या माणसाने कागद दोनदा उलटापालटा केला. वाईट बोलला नाही. म्हणाला, “पुरावा चांगला आहे. पण आजोबा त्या तारखेला ज्या तालुक्यात होते तिथल्या प्रांतांची सही लागेल. अर्ज तिकडे करा.” म्हणजे सोलापूरला जायचं, दोन दिवसांची मजुरी बुडवायची. आणि चुलत आजोबा आपलेच हे दाखवायला वंशावळ करायची. वडील बाहेर पायरीवर बसले. मी वहीत झाड काढत गेले, ते नावं सांगत गेले. आठ नावांनंतर थांबले आणि म्हणाले, “आईच्या बाजूची सांगू का? ती जास्त पाठ आहेत.” आईच्या बाजूची कचेरीला नको असतात. मी तरी लिहून घेतली.

दुपारी २.३०

मासुंदा तलावाचा कट्टा, डबा. समोर गडकरी रंगायतन. १९७८ पासून ठाण्याचं नाटक इथे होतं. लोक तिकीट काढून आत जातात आणि दुसऱ्यांचं दुःख अडीच तास पाहून वडा खाऊन घरी जातात. मीही जाते.

२०१४ साली रत्नाकर मतकरींनी ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेला बरोबर घेऊन ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ लिहिणारा, ‘लोककथा ७८’ करणारा हा माणूस, तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेला. या वयात लोक सत्कार घेतात. हे वस्त्यांमधल्या मुलांना सांगत होते, मोठ्यांनी लिहिलेलं पाठ करू नका, तुमचं तुम्ही शोधा, तुम्ही करा. त्यातून ‘नाट्यजल्लोष’ हा महोत्सव उभा राहिला. १७ मे २०२० ला कोविडने मतकरी गेले. ते वीसेक वर्षं बँकेत होते. मीही बँकेतली, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. तुलना तिथेच संपते. पण नाट्यजल्लोष बघून मी एक प्रश्न घरी घेऊन आले : मूल आपल्या घरातलं बोललं, टाळ्या पडल्या, आणि मग ते त्याच घरी झोपायला गेलं. पुढे काय?

परंपरा तशी जुनी आहे. जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं १८५५ मध्ये, दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकरांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. सेवादलाच्या कलापथकासाठी तर पुलंनी ‘पुढारी पाहिजे’ लिहून दिलं. पण शाहीर गावोगाव जायचे, आज इथे, उद्या तिथे. माझी मुलं प्रयोग संपला की घरीच परततात. ज्या गल्लीवर नाटक, त्याच गल्लीत नळ.

दुपारी ४.१५

कळवा. ही भेट टाळत होते.

तीन दिवस एक मुलगी तालमीला येत नाही. आमच्या नाटकातला सगळ्यात चांगला प्रसंग तिने सुचवलेला. घरात शिलाई मशीन आहे, आई फॉल-बिडिंग करते. एक दिवस मुलगी शाळेतून येते तर मशीनची जागा रिकामी. बापाने दारूसाठी विकलं. आमच्याकडे नियम आहे : ज्याचं घर, त्याने ते पात्र करायचं नाही. गोष्टी चिठ्ठ्या टाकून अदलाबदल करायच्या. त्यामुळे आई करत होती दुसरीच मुलगी, एका स्टुलावर बसून, पायाने खोटी पायटी चालवत. नियम पाळला, मी निश्चिंत होते. गल्लीत मशीन एकाच घरात होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आई दारातच बसली होती, पुढ्यात मेथी. “मॅडम, माझं मशीन कशाला नाचवता?”

मी म्हटलं, मशीनच्या जागी दुसरं काही घेऊ. मिक्सर घेऊ.

“मिक्सर घ्या नाहीतर विमान घ्या. लोक ओळखतातच.” मग बराच वेळ मेथी. मग आवाज खाली आणून, “आणि त्यानं नाही विकलं. मी ठेवलं गहाण. तो परांचीवरनं पडला तेव्हा. ठेकेदार दवाखान्यापर्यंत आला आणि रिक्षातूनच परत गेला.”

मी विचारलं, मंडळाची नोंदणी? तिने माझ्याकडे असं पाहिलं की सकाळचे दोन फॉर्म मला पिशवीत जड झाले.

“पोरीला सांगितलं नाही?”

“सांगितलं तर विचारेल, सोडवून का नाही आणलं. काय सांगू? दारू पितो म्हणून तिला वाटतं त्यानं विकलं. पितो ते खरंच आहे. पण हे त्याच्या नावावर नको.” मेथीच्या काड्या तिने एका बाजूला केल्या. “आणि तुम्हीबी सांगू नका.”

इथे वाचणाऱ्याला सांगायला हवं : मशीन नव्हतं. काय होतं ते लिहिणार नाही. घर कुठलं, मुलगी कितवीत, तेही बदललंय. नियम मुलांना लावायचा आणि लिहिताना स्वतः मोडायचा, असं नको. आई मात्र हो म्हणाली आहे, बदलून लिहायला.

निघताना तिने मुलीला पाठवायचं कबूल केलं नाही, नाकारलंही नाही. “पाण्याचं बघून येईल,” म्हणाली.

संध्याकाळी ६.००

समाजमंदिराची किल्ली बचत गटाच्या मावशींकडे असते. पुढारी म्हणावं असं वस्तीत कोणी असेल तर या. निवडणुकीला कधी उभ्या राहिल्या नाहीत. उभ्या राहणारे यांच्या ओट्यावर चहा पिऊन जातात. चावीवाल्याचा नंबर यांच्याकडे, कुणाच्या घरात रात्री भांडण झालं याची खबर यांच्याकडे, आणि तालमीच्या वेळेला गल्लीतली सहा-सात शेंबडी पोरं यांच्याकडे. ती सोय झाली तेव्हापासून मुली तालमीला नियमित यायला लागल्या. त्याआधी दोन वर्षं मी समजत होते की मुलींना नाटकाची आवड कमी.

“पाऊण तास आहे,” मावशी म्हणाल्या. “पाणी आलं की पोरी सोडायच्या. तेव्हा ‘एकदाच पुन्हा’ करायचं नाही.” मला माझे शब्द ऐकवतात त्या.

ढोलकी बघून मुलगे तिच्यावर तुटून पडले. शाईचं सांगितलं. एकाने लगेच हात शर्टाला पुसला, म्हणजे ओलाच होता.

मग मशीनचा प्रसंग. ती मुलगी आलेली नव्हती. मी काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं. काढून टाका म्हटलं तर मुलं कारण विचारणार. तसाच ठेवला तर मी जाणूनबुजून खोटं बसवणार. स्टुलावरची मुलगी पायटी चालवून उठून गेली, ‘बाप’ झोकांडत आला, स्टूल उचलून घेऊन गेला. मुलं हसली. नेहमीच हसतात, झोकांडी छान जमते त्याला.

मी विचारलं, “मशीन नेताना कोणी पाहिलं?”

“बापानं नेलं ना ताई.”

“पाहिलं कोणी?”

गप्प. मग एक म्हणाला, शेजारणीने पाहिलं असेल. दुसरी म्हणाली, शेजारीण तेव्हा नळावर. तिसरा म्हणाला, रिक्षावाल्याने पाहिलं, रिक्षाशिवाय मशीन जाईल कसं? दहा मिनिटांत त्यांनी चार साक्षीदार उभे केले आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी. एकाच्या मते सावकाराने नेलं, एकीच्या मते मामाने, एकाच्या मते मशीन दुरुस्तीला गेलंय आणि तुम्ही उगाच ओरडताय. बापाला झोकांडी द्यायला जागाच उरली नाही, तो जरा खट्टू झाला. मधे रिकामं स्टूलही नको म्हणाली मुलं. नुसती जागा ठेवली, आणि सगळे तिला वळसा घालून चालायला लागले.

ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलने सत्तरच्या दशकात अशी नाटकं केली, ज्यात प्रेक्षकाने उठून प्रयोग थांबवायचा आणि स्वतः आत येऊन गोष्ट बदलायची. मी एकदा वस्तीत करून पाहिलं. चौथ्या मिनिटाला एका बाईंनी थांबवलं. अन्याय बदलायला नव्हे. “भाकरी अशी थापत नाहीत,” म्हणून. पुढची वीस मिनिटं भाकरीवर गेली. आज मला वाटलं, बोआलसाहेबांना तेही चाललं असतं.

संध्याकाळी ६.४३

पाणी दोन मिनिटं आधी आलं. पाइपात आधी हवा खाकरते, तो आवाज समाजमंदिरात ऐकू येतो. मुली वाक्य अर्धं टाकून पळाल्या.

रात्री ८.०५

दुसरी पाळी, पंचवीस मिनिटं. मुलींच्या कोपरांपर्यंत पाणी, ओढण्या कमरेला. दोघीतिघी आल्याच नाहीत, घरी पोळ्या. जी यायला हवी होती ती मात्र आली होती. दारात, आत नाही. हातात रिकामी कळशी, म्हणजे घरी सांगायला कारण.

तिने नवा प्रसंग पाहिला. कोणी तिला काही समजावलं नाही. रिक्षावाला, शेजारीण, सावकार, मामा, सगळे जागेला वळसा घालून गेले. तिने कळशी या हातातून त्या हातात घेतली.

“ताई, पण नेलं कोणी ते कधी कळणार?”

“या नाटकात नाही कळत,” मी म्हटलं.

तिला ते पटलं असं नाही. माझ्या जागी जास्त शहाणं कोणी असतं तर काही बरं उत्तर दिलं असतं. ती म्हणाली, शेजारणीचं वाक्य चुकतंय. नळावर असलेली बाई असं सावकाश बोलत नाही, तिचं लक्ष हंड्याकडे असतं. मग आत येऊन तिने ते करून दाखवलं, एक डोळा हंड्यावर ठेवून, तुटक. मावशी ओट्यावरून बघत होत्या, मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं पोर. त्या म्हणाल्या, “आता बरोबर.”

साडेआठला किल्ली लावली.

रात्री ९.४०

कळव्याहून धीमी गाडी. या वेळी परतीची गर्दी. ढोलकी समाजमंदिरात ठेवली हे बरं केलं. मुंब्र्यापर्यंत उभी, दिव्याला बसायला मिळालं. सोलापूरच्या गाडीचं बघायचंय. नव्वद दिवसांचं ज्यांना विचारता येईल अशा दोन नावांखाली रेघ मारली, पैकी एक फोन उचलत नाही.

कोपर गेलं. फोन थरथरला.

‘ताई उद्या पानी साडेपाचला.’

मी लिहिलं, ‘मग तालीम सातला.’

‘शेजारीन मी करू?’

आमच्या नियमात हे बसतं का, याचा विचार करेपर्यंत डोंबिवली आलं. उतरल्यावर जिन्यावर थांबून लिहिलं, ‘कर. मावशींना सांग.’